लिनक्स मिंट टाकलं, वायफाय गायब; असं चालू केलं

विंडोज १० चा फ्री सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आमचा जुना लॅपटॉप काही ११ च्या अटींत बसेना, म्हणून लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायचं ठरवलं. आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघितलं, साउंड, टचपॅड, ब्राइटनेस सगळं ओके, फक्त वायफायचं नावच नाही. म्हटलं बघू नंतर, डेटाचा बॅकअप घेतला आणि सरळ इन्स्टॉल केलं.

आता गंमत अशी की वायफायचा ड्रायव्हर (वायफायचं हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) डाउनलोड करायला नेटच पाहिजे! मग मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं नेट केबलने लॅपटॉपला देणं) ऑन केलं, लगेच नेट आलं, ड्रायव्हर मॅनेजर उघडला, त्यात रेकमेंडेड लिहिलेला ड्रायव्हर निवडून अप्लाय केलं. मध्येच त्याने एक पासवर्ड ठेवायला सांगितला. तो लक्षात ठेवा, कारण सिक्युअर बूट (लॅपटॉप सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारी सोय) ऑन असेल तर रीस्टार्टला एक निळी स्क्रीन येते, तिथे १० सेकंदात कुठलंतरी बटण दाबावं लागतं, नाहीतर ती निघून जाते आणि ड्रायव्हर काही लोड होत नाही. मग त्या स्क्रीनवर एनरोल मॉक (Enroll MOK, म्हणजे ड्रायव्हरची की मान्य करणं), कंटिन्यू, यस, मग तोच पासवर्ड, रीबूट. झालं, वायफायची लिस्ट हजर.

बरेच जण सिक्युअर बूट बंदच करा म्हणतात, त्यानेही चालतं, पण मला ते उगाच वाटतं. लॅनचं (नेटच्या केबलचं) पोर्ट असेल तर टेदरिंगचीही भानगड नको, केबल लावा आणि मोकळे व्हा.