दुसरा अल्बम ऐकायचा कसा आणि समीक्षा वाचायची कधी

न्यूट्रल मिल्क हॉटेल या अमेरिकन रॉक बँडच्या दुसऱ्या अल्बमची, 'इन द एरोप्लेन ओव्हर द सी'ची समीक्षा मी आधी वाचली आणि अल्बम नंतर लावला. तिथेच चुकलं. 10 पैकी 10 गुण मनात धरून बसलं की गायक जेफ मँगमचा ताणलेला, चिरका आवाज खटकतोच. दोन गाण्यांवर मी थांबले आणि वर्षभर परत फिरकले नाही. म्हणून आता कुणी विचारलं, तर मी उलटा क्रम सांगते.

आधी नुसतं ऐका. जेमतेम 40 मिनिटांचा अल्बम आहे. हेडफोन लावा, शफल बंद करा आणि एका बैठकीत संपवा. शीर्षकगीतात मागून एक थरथरता, हुंदक्यासारखा सूर येतो, तो बँडमधल्या ज्युलियन कोस्टरने गजाने वाजवलेल्या करवतीचा. माझे वडील सुतार होते. पातं वाकवलं की करवत कशी गुणगुणते, ते मी लहानपणापासून ऐकलंय. त्या सुरापाशी मला हा अल्बम आपला वाटला. 'द फूल'मधली पितळी वाद्यं ऐकून वरातीतला बँड आठवला, तर खुशाल आठवू द्या. 'ओह कम्ली' हे आठ मिनिटांचं गाणं मँगमने एकाच टेकमध्ये गायलंय. त्याच्या शेवटी लांबून कुणीतरी ओरडतं, तेही त्यांनी तसंच ठेवलं.

ऐकून झाल्यावर लगेच वहीत पाच ओळी लिहा. आवडलं, नाही आवडलं एवढ्यावर थांबू नका. कुठे कान टवकारले, कुठे कंटाळा आला, ते लिहा.

मग पहिला अल्बम, 1996चा 'ऑन एव्हरी आयलंड' लावा. ही पायरी गाळू नका. त्यात बरंचसं काम मँगम आणि निर्माता रॉबर्ट श्नायडर या दोघांचंच होतं. 1997मध्ये डेन्व्हरला दुसऱ्या अल्बमचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा ड्रमवर जेरेमी बार्न्स, पितळी वाद्यांवर स्कॉट स्पिलेन आणि सोबत कोस्टर, असा पुरा बँड जमला होता. हा फरक कानांनी पकडला की दुसऱ्या अल्बमची समीक्षा जोखता येते. काय बदललं हे जी समीक्षा सांगत नाही, ती मी बाजूला ठेवते.

आता समीक्षा वाचा, पण तारखेच्या क्रमाने. फेब्रुवारी 1998मध्ये मर्ज रेकॉर्ड्स या कंपनीने या अल्बमच्या सुरुवातीला 5,500 सीडी आणि 1,600 एलपी काढल्या होत्या. त्या वर्षी पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या संकेतस्थळाने 10 पैकी 8.7 गुण दिले, रोलिंग स्टोन मासिकाने पाचपैकी तीन तारे. 2005च्या पुनर्प्रकाशनाला त्याच पिचफोर्कने 10 दिले. मधल्या सात वर्षांत अल्बममधला एक सूरही बदलला नव्हता. दौरा आटोपून मँगम मात्र गप्प झाला होता आणि ऐकणारे वाढत गेले होते. त्या 10मध्ये त्याच्या मौनाचंही वजन आहे, असं मला वाटतं. कौतुक खोटं नाही, पण ते 1998चं नाही.

परत ऐकण्याआधी अॅन फ्रँकची डायरी वाचा, मराठीत मिळते. ती वाचून मँगम हादरला होता, आणि या अल्बममधलं 'हॉलंड, 1945' हे गाणं त्यानंतर वेगळंच ऐकू येतं. शेवटचं गाणं संपलं की घाईने दुसरं काही लावू नका. मँगम गिटार खाली ठेवतो आणि उठून जातो, तेही ऐकू येतं.