केबल अ‍ॅम्प्लिफायर कुठे बसवावा आणि कसा जोडावा

अ‍ॅम्प्लिफायर केबल टीव्हीच्या सिग्नलबरोबर त्यात मिसळलेला नॉइजही (नको असलेले विद्युत अडथळे) तेवढाच वाढवतो आणि स्वतःचा थोडा त्यात घालतो. त्यामुळे चित्र अडकणाऱ्या टीव्हीच्या मागे तो लावून काही साधत नाही. बाहेरची केबल जिथे आत येते तिथे, म्हणजे स्प्लिटरच्या (एका केबलचा सिग्नल अनेक टीव्हींना वाटणाऱ्या जोडणीच्या) आधी, त्याची जागा असते.

खरेदीपूर्वी सिग्नलची घट मोजावी; ती डेसिबलमध्ये मोजतात. दोन वाटांचा स्प्लिटर प्रत्येक वाटेवर सुमारे ३.५ डेसिबल खातो, चार वाटांचा सुमारे ७, आणि आरजी-६ केबलमध्ये (टीव्हीच्या नेहमीच्या गोल केबलमध्ये) वरच्या फ्रिक्वेन्सीवर १०० मीटरला साधारण २० डेसिबल जातात. या बेरजेपेक्षा किंचित जास्त गेनचा (सिग्नल वाढवण्याच्या क्षमतेचा) अ‍ॅम्प्लिफायर पुरतो. गरजेपेक्षा मोठा घेतल्यास सिग्नल विकृत होतो आणि चांगली दिसणारी चॅनेलही फुटू लागतात. त्याच केबलवर मोडेम असेल, तर रिटर्न पाथ (घरातून ऑपरेटरकडे परत जाणाऱ्या सिग्नलची वाट) असलेलाच अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा, अन्यथा इंटरनेट बंद पडेल.

माझ्या मते निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ कनेक्टरमध्ये असते. केबल सोलल्यावर आवरणाखालची धातूची जाळी मागे दुमडावी. तिचा एक केससुद्धा मधल्या तारेला टेकला, तर सिग्नल शॉर्ट होतो. एफ कनेक्टर (केबलच्या टोकाला बसणारा स्क्रूचा कनेक्टर) इतका आत ढकलावा की पांढरे इन्सुलेशन त्याच्या आतल्या तळाशी सपाट येईल आणि तांब्याची तार कडेच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे राहील. मग कॉम्प्रेशन टूलने तो दाबावा. साध्या पकडीने दाबलेला कनेक्टर पुढे सैल होतो.

आता येणारी केबल ‘इन’ला आणि स्प्लिटरकडे जाणारी ‘आउट’ला जोडावी, स्प्लिटरच्या रिकाम्या पोर्टवर ७५ ओहमचे टर्मिनेटर (पोर्ट बंद करणाऱ्या टोप्या) लावावे, अर्थिंगची तार स्क्रूखाली घट्ट कसावी आणि सगळ्यात शेवटी वीज द्यावी. गेनचा नॉब अगदी खाली ठेवून सुरुवात करावी आणि सर्वांत लांबच्या टीव्हीवर चित्र स्थिर होताच थांबावे. फक्त वरच्या फ्रिक्वेन्सीची चॅनेल अडखळत असतील, तर गेनऐवजी टिल्टचा (वरच्या फ्रिक्वेन्सी जास्त वाढवणारा) नॉब फिरवावा, कारण लांब केबलमध्ये त्यांचीच घट जास्त होते.

खांबावरच्या अ‍ॅम्प्लिफायरला मात्र हात लावू नये. त्यांना बहुधा केबलमधूनच ६० किंवा ९० व्होल्ट एसी पुरवठा होतो, आणि ते काम ऑपरेटरच्या तंत्रज्ञाचे आहे.