जुनी रासायनिक विश्लेषणं वाचताना या चुका टाळा

एकोणिसाव्या शतकातले रसायनशास्त्राचे निबंध आता घरबसल्या वाचता येतात आणि तरुण मुलं ते उत्साहाने वाचतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्याच त्याच चुका पाहून जीव मेटाकुटीला येतो.

बेरीज १०० ला बसवणं. ही चूक मला सर्वांत जास्त सलते. खनिजांच्या जुन्या विश्लेषणांचे तक्ते एक्सेलमध्ये उतरवण्याचं काम काही मुलांनी हाती घेतलं होतं. कुठे घटकांच्या टक्केवारीची बेरीज ९६ यायची, कुठे १०१. त्यातल्या एकाने सगळे तक्ते एका सूत्रात घालून १०० ला बसवले आणि वर मूळ आकडे पुसून टाकले. तक्ते दिसायला देखणे झाले, पण उपयोगाचे राहिले नाहीत. पुन्हा मूळ पानं उघडून एकेक आकडा भरावा लागला. मी त्याला चांगलंच सुनावलं, कारण त्याने जे पुसलं तेच त्या तक्त्यांतलं सर्वांत मोलाचं होतं.

जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या प्लाटनर या रसायनज्ञाचंच पाहा. १८४६ मध्ये त्याने एल्बा बेटावरचं पोलक्स नावाचं नवं खनिज तपासलं. बेरीज ९३ च्या वर जाईना. हातातलं खनिज संपलं तरी तूट काही भरेना. त्याने ती तशीच छापली. १८६० मध्ये बुन्सेन आणि किर्खहोफ यांना वर्णपटात सीझियम हा नवा धातू सापडला, आणि १८६४ मध्ये पिसानी या रसायनज्ञाने दाखवून दिलं की प्लाटनरने पोटॅशियम आणि सोडियम धरलं होतं ते खरं तर सीझियम होतं. हिशेब करून पाहा: असे धातू सल्फेटच्या रूपात तोलायचे आणि त्यावरून ऑक्साइडचं वजन काढायचे. सल्फेटच्या वजनात ऑक्साइडचा वाटा पोटॅशियमसाठी सुमारे ५४ टक्के असतो, सीझियमसाठी ७८. धातू चुकीचा धरला की तूट येणारच. प्लाटनर १८५८ मध्येच वारला, त्याला हे कधी कळलं नाही. पण त्याचं तोलणं चोख होतं, आणि तूट लपवली नाही म्हणूनच ते पुढे पडताळता आलं. त्याच फ्रायबर्गमध्ये १८८६ साली विंक्लर या रसायनज्ञाला आर्जिरोडाइट नावाचं खनिज तपासताना सुमारे ७ टक्क्यांची तूट आली. तो तिच्या मागे लागला आणि जर्मेनियम हे नवं मूलद्रव्य हाती आलं.

१०० च्या वर गेलेली बेरीजही तितकीच बोलकी असते. जर्मन रसायनज्ञ लीबिगने १८३१ मध्ये पाच फुग्यांचं काचेचं उपकरण वापरात आणलं. सेंद्रिय पदार्थ कॉपर ऑक्साइडबरोबर जाळायचा, पाणी कॅल्शियम क्लोराइडमध्ये धरायचं, कार्बन डायऑक्साइड त्या फुग्यांतल्या पोटॅशच्या द्रावणात, आणि दोन्हींचं वाढलेलं वजन घ्यायचं. वजन बरोबर, तरी नॅफ्थलीनसारख्या पदार्थांत कार्बन आणि हायड्रोजन मिळून १०० च्या पुढे जायचे. कारण स्वीडिश रसायनज्ञ बर्झेलियसने कार्बनचा अणुभार ७६.४४ धरला होता (ऑक्सिजन १०० मानून), आणि तो जास्त असल्याने कार्बन डायऑक्साइडच्या वजनावरून कार्बनही जास्त निघायचा. १८४० च्या सुमारास द्यूमा आणि स्तास यांनी हिरा आणि ग्रॅफाइट जाळून तो ७५ वर आणला, म्हणजे आजचा १२. जुना आकडा घालून नॅफ्थलीनचा हिशेब केला तर बेरीज १०१ च्या पुढे जाते. माझी सवय अशी की आधी लेखकाने धरलेले अणुभार शोधून कागदाच्या वर लिहायचे आणि मगच आकड्यांना हात लावायचा. यात वेळ जातो, पण घाई असणाऱ्याने या वाटेला येऊच नये.

जुनी सूत्रं आजच्या डोळ्यांनी वाचणं. पाण्यात एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन लिहिलेला दिसला की लगेच हसू नका. तिथे हायड्रोजन १ मानून ऑक्सिजनचा भार ८ आणि कार्बनचा ६ धरलेला असतो. म्हणून अल्कोहोल चार कार्बन, सहा हायड्रोजन, दोन ऑक्सिजन असं लिहिलेलं दिसेल. बेरीज करा: २४, ६ आणि १६, एकूण ४६. आजही रेणुभार तोच आहे. अणुभार आणि सूत्रांवर एकमत व्हावं म्हणून भरलेल्या १८६० च्या कार्ल्सरूह परिषदेनंतरही ही जुनी पद्धत अनेक वर्षं चालू होती, त्यामुळे नुसत्या सालावरून अंदाज बांधू नका.

सिलिकेटची सूत्रं जशीच्या तशी उचलणं. बर्झेलियसने सिलिकात तीन ऑक्सिजन धरले होते, आज आपण दोन धरतो. सूत्र सोडा, टक्केवारी घ्या.

"वोलरने १८२८ मध्ये जीवशक्तीचा सिद्धांत एका दिवसात संपवला." हे वाक्य आता पुरे. (जीवशक्ती म्हणजे सेंद्रिय पदार्थ फक्त सजीवांतच बनतात हा समज.) जर्मन रसायनज्ञ वोलरला अमोनियम सायनेट बनवायचं होतं, हाती युरिया आला. मूत्रपिंडाशिवाय युरिया बनवल्याचं त्याने बर्झेलियसला आनंदाने कळवलं, हे खरं. पण सायनेट तेव्हा प्राणिज पदार्थांपासूनच बनवायचे, म्हणून शंकेला जागा उरलीच. मूलद्रव्यांपासून टप्प्याटप्प्याने ॲसिटिक आम्ल बनवायला रसायनज्ञ कोल्बेचं १८४५ साल उजाडलं. वोलरच्या निबंधात मला जास्त मोलाचं वाटतं ते वेगळंच: घटक तेच, प्रमाण तेच, आणि तरी दोन निरनिराळे पदार्थ. समघटकतेचा प्रश्न तिथे उभा आहे.

झिओलाइटमधलं (रचनेत पाणी धरून ठेवणाऱ्या सिलिकेट खनिजांमधलं) पाणी ठाम धरणं. पुण्याच्या आसपासच्या बेसाल्टमधले स्टिल्बाइट, स्कोलेसाइट हे झिओलाइट ज्यांनी हातात घेतले आहेत त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. तापवलं की यांतलं पाणी जातं, दमट हवेत काहींत परत येतं. फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ दामूरने हे १८४० मध्येच दाखवलं होतं. म्हणून नमुना कसा आणि किती वाळवला ते निबंधात दिलेलं नसेल, तर पाण्याच्या दशांशांवरून दोन विश्लेषणांची तुलना मी करत नाही.