उड्डाणाआधी टेबलाखाली: सिमच्या हार्डवेअरची भांडणं सोडवायची तयारी

घरच्या फ्लाइट सिम्युलेटरचं, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या 'सिम'चं, एखादं उपकरण बिनसलं की स्क्रू-ड्रायव्हर नंतर. आधी एक कोरा कागद, पेन आणि चिकटपट्टी घेऊन टेबलाखाली शिरा. कॉम्प्युटर चालूच असू द्या, एकही वायर उपसू नका. आत्ता काय कुठे खोचलंय ते जसंच्या तसं लिहून काढा: योक (विमानाचं स्टिअरिंग) मागच्या वरच्या निळ्या पोर्टात, पेडल त्याखालच्या काळ्या पोर्टात, थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) आणि बटणांचं पॅनेल हबवर (एका पोर्टाचे अनेक करणारा डबा), हब पुढच्या पोर्टात. मग कॅबिनेटच्या पाठीचा मोबाईलवर फोटो काढा आणि प्रत्येक वायरीच्या टोकाजवळ चिकटपट्टीचा झेंडा लावून त्यावर नाव घाला. शाळकरी वाटतं खरं, पण त्याला कारण आहे. पुष्कळशा जॉयस्टिक आणि पेडलांच्या आत स्वतःचा असा अनुक्रमांक नसतो. अशी वस्तू विंडोज पोर्टावरून ओळखतं. तीच पेडल शेजारच्या पोर्टात घातली की त्याच्या लेखी ती नवी पेडल. मग सिममध्ये जपून बसवलेली सेटिंग गायब होऊ शकतात, आणि एकाच मॉडेलची दोन थ्रॉटल असतील तर पहिल्या इंजिनाचं दुसऱ्याकडे नि दुसऱ्याचं पहिल्याकडे जातं. म्हणजे आपण एक बिघाड शोधायला गेलो आणि वायरी उपसून दुसरा पैदा करून आलो.

कागदाच्या दुसऱ्या बाजूला तक्रार लिहा, आणि ती एका वाक्यात बसली पाहिजे. 'विमान नीट उडत नाही' ही तक्रार नव्हे. 'सरळ उडताना मधूनच आपोआप डावीकडे कलतं' ही तक्रार. कधी होतं याच्याबरोबर कधी होत नाही तेही लिहा. उत्तर बऱ्याचदा तिथेच दडलेलं असतं. माझं विमान असंच डावीकडे कलायचं. दोन संध्याकाळी मी योक कॅलिब्रेट करत बसलो, ड्रायव्हर (विंडोजला उपकरण चालवायला शिकवणारे प्रोग्रॅम) पुन्हा घातले, शेवटी अख्खा सिम काढून नव्याने टाकला. तिसऱ्या दिवशी वैतागून वेळा टिपायला बसलो तेव्हा लक्षात आलं, कानावर हेडफोन असेपर्यंत विमान सरळ, काढून ठेवले की कललंच. योक आल्यापासून जुनी जॉयस्टिक मॉनिटरशेजारी नुसतीच उभी होती, वायर मात्र जोडलेली, आणि हेडफोन मी तिच्याच दांड्याला अडकवत होतो. त्यांच्या वजनाने दांडा डावीकडे झुकायचा आणि सिम इमानेइतबारे दोघांचंही ऐकायचा.

'हार्डवेअर कॉन्फ्लिक्ट' म्हटलं की जुन्या मंडळींच्या डोळ्यांपुढे वेगळंच चित्र येतं. तेव्हा जॉयस्टिक साउंड कार्डाच्या पाठीवरच्या १५ पिनांच्या गेम पोर्टात लागायची, त्याचा पत्ता २०१. साउंड कार्डाचा पत्ता २२०, इंटरप्ट (प्रोसेसरला हाक मारायची ओळ) ५, डीएमए (मेमरीशी थेट देवाणघेवाणीचा मार्ग) १. दुसऱ्या कुठल्या कार्डालाही ५ नंबरच हवा असला की एक गप्प व्हायचं, नाहीतर दोन्ही. मग कॅबिनेट उघडा, कार्ड बाहेर काढा, नखाएवढा जंपर एक घर सरकवा, परत बसवा. इंटरप्ट एकूण १६ आणि त्यातले बरेचसे आधीच वाटलेले. ते दिवस गेले. आज 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडून 'कॉन्फ्लिक्ट्स/शेअरिंग'खालची यादी पाहिलीत तर एकाच इंटरप्टवर दोन-तीन नावं दिसतील. एक इंटरप्ट अनेकांनी वाटून घेणं तिथे नेहमीचंच आहे, त्या यादीपायी संध्याकाळ घालवू नका. आताची भांडणं वेगळी आहेत. एका अ‍ॅक्सिसवर, म्हणजे योक-पेडलांच्या एखाद्या हालचालीवर, दोघांचा हक्क, अपुरी वीज, यूएसबी कंट्रोलरवरची गर्दी, कॅबिनेटच्या आतली वाटणी आणि ड्रायव्हर. मी याच क्रमाने जातो, कारण बहुतेक वेळा दुसऱ्याच्या पुढे जावं लागत नाही.

अ‍ॅक्सिसची तपासणी सिमच्या बाहेर सुरू करा. स्टार्टमध्ये 'जॉय डॉट सीपीएल' टाईप केलं की गेम कंट्रोलर्सची छोटी खिडकी उघडते. तिथे किती नावं आहेत ते मोजा आणि टेबलावरच्या वस्तूंशी ताळा घाला. यादीत एखादं नाव जास्तीचं निघालं तर ते कोणाचं हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. व्ही-जॉयसारखा सॉफ्टवेअरमधला आभासी कंट्रोलर तिथे बसलेला असतो; काही कीबोर्डसुद्धा आपण गेम कंट्रोलर असल्याचं सांगतात. मग एकेकाच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन योक पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, मागे, पुढे, पेडल टोकापर्यंत, थ्रॉटल शून्यापासून वरपर्यंत. हात काढल्यावर खूण मध्यावर येऊन थांबते की थरथरत राहते, हे नीट बघा. थरथरत असेल तर आतला पोटेन्शिओमीटर (दांड्याची जागा मोजणारा, घासत फिरणारा भाग) झिजलाय किंवा त्यात धूळ बसलीय, आणि असा अ‍ॅक्सिस कोणी हात न लावताही सिमला सतत नवे आकडे पाठवत राहतो. त्याच कामाला दुसरं चांगलं उपकरण लावलेलं असलं तरी हा मध्ये मध्ये तोंड घालणारच. तात्पुरता उपाय म्हणजे सिममधला डेड झोन, म्हणजे मध्याभोवतीची सिमने दुर्लक्ष करायची जागा, थोडा वाढवणं. कायमचा उपाय म्हणजे सफाई, नाहीतर चुंबकाने जागा ओळखणारं हॉल सेन्सरवालं उपकरण, कारण त्यात घासणारा भागच नसतो.

ही दोन मिनिटांची हलवाहलवी वगळायचा मोह होतो. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ उड्डाण घेतल्या घेतल्या कोसळलं, ते उभ्या विमानाचे हलते भाग जखडून ठेवणारा कंट्रोल लॉक काढायचा राहून गेला म्हणून. विमान धडधाकट होतं आणि पायलट मुरलेले होते. वैमानिकांच्या हातात छापील चेकलिस्ट आली ती त्या अपघातानंतर. कंट्रोल मोकळे आहेत ना, योग्य दिशेला हलतात ना, हे आजही प्रत्येक उड्डाणाआधी पाहिलं जातं. आपल्या टेबलावर ती पाहणी म्हणजे ही छोटी खिडकी.

आता सिममध्ये या. नवं उपकरण जोडलं की बरेच सिम आपणहून एक तयार प्रोफाइल त्याला चिकटवून देतात. हेतू चांगला असतो, पण जॉयस्टिकला दिलेल्या प्रोफाइलमध्ये दांड्याचा पीळ रडरला (नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीचा भाग) आणि तळाची सरकपट्टी थ्रॉटलला जोडलेली असते. तुमच्याकडे तर पेडल आणि थ्रॉटल दोन्ही वेगळी. म्हणून प्रत्येक उपकरणाचं एक रिकामं प्रोफाइल बनवा आणि त्यात तेवढीच कामं भरा जी त्याने करायची आहेत. कागदावर एक ओळ एलेरॉनची (विमान कलवणारे), एक एलिव्हेटरची (नाक वर-खाली करणारा), एक रडरची, एक थ्रॉटलची, दोन ब्रेकच्या. प्रत्येक ओळीसमोर एकच नाव. दोन नावं आली तिथे भांडण आहे. जुन्या प्रोफाइलची प्रत मात्र आधी बाजूला ठेवा, आणि सिममधला रडर आपोआप सांभाळणारा 'ऑटो-रडर' बंद आहे ना तेही बघा. पेडल दाबल्यावर काहीच होत नाही अशा कित्येक तक्रारी तिथे संपतात. न वापरण्याची जॉयस्टिक असेल तर तिची वायरच काढून कपाटात ठेवा. सेटिंगमध्ये बंद करणं वेगळं आणि काढून ठेवणं वेगळं.

वीज हा त्यानंतरचा संशयित, आणि तो नेहमी चुकीच्या वेळी उगवतो: लँडिंगला उतरताना स्पीकरमधून उपकरण तुटल्याचा तो 'टुडुंक' आवाज येतो आणि पाच सेकंदांनी जोडल्याचा. यूएसबी २.० च्या पोर्टाने एका उपकरणाला ५०० मिलीअँपिअरपर्यंत द्यावं अशी अपेक्षा असते, ३.० च्या पोर्टाने ९००. स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब तोच ५०० चा घास चारजणांत वाटतो, म्हणजे प्रत्येकाला जेमतेम १०० आणि उरलेले हबच्या स्वतःच्या पोटात. पेडलांचं त्यात भागतं. दिवे लुकलुकणारं रेडिओ पॅनेल, फोर्स फीडबॅकची (दांड्याला उलटा जोर देणारी) मोटर किंवा छोटा डिस्प्ले यांचं भागत नाही. तयारी म्हणून अडॅप्टरवाला एक हब हाताशी ठेवा आणि हबला हब जोडायची सवय सोडा. त्याच्या जोडीला विंडोजची काटकसर बंद करा: पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड', आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मधली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी टिकमार्क. क्रूझवर, म्हणजे उंचीवर सरळ उडत, असताना तासभर पेडलांना पाय लागत नाही. विंडोजला वाटतं, झोपली.

कंट्रोलरवरची गर्दी हे प्रकरण कमी माहितीचं आहे. कागदोपत्री एका यूएसबी कंट्रोलरवर १२७ उपकरणं बसतात. प्रत्यक्षात प्रत्येक उपकरण एकापेक्षा जास्त एंडपॉइंट (माहितीची ये-जा करायची टोकं) मागतं आणि कंट्रोलरकडे त्यांची संख्या मर्यादित असते, त्यामुळे घरच्या कॉकपिटमध्ये पंधरा-वीस वस्तू झाल्या की 'यूएसबी कंट्रोलरची साधनं पुरेशी नाहीत' अशा अर्थाचा संदेश येऊ शकतो. पोर्ट रिकामे दिसत असतात, म्हणून माणूस चक्रावतो. डिव्हाइस मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेनूत 'डिव्हायसेस बाय कनेक्शन' निवडा. कोणता पोर्ट कोणत्या कंट्रोलरखाली येतो ते झाडासारखं दिसेल. व्हीआर हेडसेट आणि बाहेरची हार्ड डिस्क एका फांदीवर, योक आणि पेडल दुसऱ्या फांदीवर अशी वाटणी करा. दुसरी फांदीच नसेल तर पीसीआय एक्सप्रेसचं यूएसबी कार्ड टाकल्याने नवा कंट्रोलर मिळतो, नवा हब टाकल्याने मिळत नाही. योकला वेगवान निळा पोर्ट लागतो हा गैरसमजही सोडून द्या. तो पाठवतो ती माहिती चिमूटभर, २.० ला ४८० मेगाबिटचा वेग आहे. उलट निळ्या पोर्टाचा एक त्रास आहे. यूएसबी ३.० च्या वायरीतून निघणारा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो, आणि वायरलेस माउसचा रिसीव्हर तिथेच शेजारी असला की माउस अडखळतो. रिसीव्हर एका लहान एक्स्टेन्शन वायरीवर हातभर लांब नेला की पुरतं.

कॅबिनेटच्या आतलं थोडक्यात. सिमची दृश्यं ठेवायला नवी एम.२ एसएसडी (थेट मदरबोर्डवर बसणारी) बसवली आणि जुनी, वायरीने जोडलेली साटा डिस्क अचानक दिसेनाशी झाली तर ती मेली असं समजू नका. अनेक मदरबोर्डांवर एम.२ चा एक स्लॉट आणि काही साटा पोर्ट एकाच मार्गावर असतात. एक भरला की दुसरा बंद. कोणता कोणाशी बांधलेला आहे याचा तक्ता मदरबोर्डच्या पुस्तिकेत असतो, ती पीडीएफ एसएसडी विकत घेण्याआधी उघडायची. बाकी डिव्हाइस मॅनेजरमधल्या पिवळ्या त्रिकोणाचा आकडा वाचा: कोड १० म्हणजे उपकरण सुरूच होत नाही, १२ म्हणजे त्याला लागणारी साधनं मोकळी नाहीत, २८ म्हणजे ड्रायव्हर नाही, ४३ म्हणजे उपकरणानेच आपलं बिनसल्याचं सांगितलं म्हणून विंडोजने ते थांबवलं. आकडा कागदावर.

ड्रायव्हरला हात घालण्यापूर्वी रिस्टोअर पॉइंट (विंडोज आधीच्या स्थितीत परत नेता येईल अशी नोंद) बनवा, आणि जुना चालणारा ड्रायव्हर व नवा दोन्ही आधीच उतरवून एका फोल्डरमध्ये ठेवा. नेटवर्कचाच ड्रायव्हर गेला तर मग काय करणार? 'शो हिडन डिव्हायसेस' चालू केलं की कधीकाळी जोडलेल्या वस्तूंची फिकट भुतं दिसतात. विकून टाकलेल्या स्टिअरिंग व्हीलचा ड्रायव्हर अजून तिथे बसलेला असेल तर काढून टाका. दहा-बारा वर्षं जुनी जॉयस्टिक नव्या विंडोजवर चालत नसेल तर 'कोअर आयसोलेशन'मधली 'मेमरी इंटेग्रिटी' तिचा जुना ड्रायव्हर अडवतेय का बघा. ती सुरक्षा बंद करण्यापेक्षा मी जॉयस्टिक बदलेन, पण निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. पडदा क्षणभर काळा होऊन परत येत असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद शोधा: ग्राफिक्स ड्रायव्हरने ठरलेल्या वेळेत, मूळ सेटिंगनुसार २ सेकंदांत, उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने तो पुन्हा चालू केला. तिथे योक-पेडलांचा काही दोष नाही; ओव्हरक्लॉकिंग (चिपचा मुद्दाम वाढवलेला वेग) काढा, तापमान बघा, पॉवर सप्लाय पुरेसा आहे का तपासा.

शेवटी चाचणीचं उड्डाण ठरवून ठेवा. रोज तेच विमान, तोच रनवे, तेच निरभ्र हवामान, दहा मिनिटं, सिममध्ये सेव्ह केलेलं. एका वेळी एकच बदल, त्याच्यासमोर वेळ आणि निकाल. पहिलं उड्डाण फक्त योक जोडून, दुसरं योक आणि पेडल, असं एकेक वाढवत जा. पाचव्या वस्तूला विमान कललं तर गुन्हेगार पाचवी वस्तू असेलच असं नाही, पाचवी आणि आधीच्यांपैकी कोणीतरी एक मिळून असतील. म्हणून तिथे थांबून पाचवी ठेवून आधीच्या एकेक काढून बघा. घाईत दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि बिघाड गेला, तर तो कशाने गेला हे कळत नाही आणि पुढच्या विंडोज अपडेटनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. माझा तो कागद अजून मॉनिटरच्या मागे चिकटवलेला आहे, चार रंगांच्या पेनांनी खाडाखोड झालेला. हेडफोनसाठी भिंतीला एक खिळा ठोकलाय.