वायफाय चिपमध्ये दोष निघाला की या चुका टाळा

फेब्रुवारी २०२० मध्ये ईसेट या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ‘क्रूक’ हा दोष जाहीर केला. सुरक्षा दोषांच्या सार्वजनिक यादीतला त्याचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०१९-१५१२६. ब्रॉडकॉम आणि सायप्रेसच्या वायफाय चिपमधला हा घोळ त्यांच्या अंदाजानुसार शंभर कोटींहून जास्त उपकरणांत होता: आयफोन ६ आणि ८, अ‍ॅमेझॉन इको, किंडल, रास्पबेरी पाय ३ हा छोटा संगणक, गॅलक्सी एस८, शिवाय काही राउटर. त्यानंतरही चिपमधले दोष निघतच राहिले, आणि प्रत्येक वेळी लोकांचा गोंधळ तोच.

पासवर्ड बदलून मोकळं होणं

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. क्रूकमध्ये पासवर्ड फुटतच नाही. उपकरणाची वायफाय जोडणी तुटली की चिप त्या सत्राची, डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करायची किल्ली पुसून तिच्या जागी शून्यं भरते. इथपर्यंत ठीक. पण पाठवायचा राहिलेला डेटा बफरमध्ये, म्हणजे चिपच्या तात्पुरत्या साठ्यात असतो, तो चिप टाकून देत नाही. त्याच शून्यांच्या किल्लीनं एन्क्रिप्ट करून हवेत सोडते. रेंजमध्ये बसलेला कोणीही तो उलगडू शकतो, नेटवर्कमध्ये शिरायची गरजच नाही. एका वेळी हाती लागतो तो थोडाच डेटा, पण जोडणी तोडणारे बनावट संदेश पुन्हा पुन्हा पाठवता येतात. तुम्ही पासवर्ड कितीही अवघड ठेवा, त्या शून्यांना काही फरक पडत नाही. पासवर्ड बदलल्यावर कॅमेरे, प्रिंटर, हजेरीचं यंत्र हे सगळं पुन्हा जोडण्यात दिवस जातो, आणि तेवढ्यात ‘काम झालं’ असं वाटून खरा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, राहून जातो.

फक्त राउटर किंवा फक्त फोन अपडेट करणं

दोष पाठवणाऱ्या चिपमध्ये आहे, आणि पाठवतात दोघंही. अ‍ॅपलनं ऑक्टोबर २०१९ मध्येच आयओएस १३.२ मधून दुरुस्ती दिली होती. पण राउटर जुनाच असेल, तर त्याच्याकडून त्या फोनकडे येणारा डेटा उघडा पडू शकतो. दोन्ही टोकं दुरुस्त हवीत.

ब्रँड बघून चिप ठरवणं

ही चूक बघून मला खरंच राग येतो, कारण उत्तर राउटरच्या पोटाखाली चिकटवलेलं असतं. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या हार्डवेअर व्हर्जनमध्ये वेगळ्या कंपनीची चिप असू शकते. एका क्लासच्या ऑफिसात एकाच मॉडेलचे दोन राउटर होते, वेगवेगळ्या वर्षी घेतलेले. तिथल्या मुलानं पहिल्यावर नवं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, नीट चढवलं. दुसऱ्यानं तीच फाइल नाकारली. तिथंच थांबून स्टिकर वाचायला हवा होता. त्यानं कुठंतरी वाचलेली युक्ती वापरली आणि रिकव्हरी मोडमधून फाइल जबरदस्तीनं आत घातली. राउटर जागीच मेला, तोही प्रवेश सुरू असताना. मला बोलावलं तेव्हा उलटा करून पाहिला: हार्डवेअर व्हर्जन वेगळं. राउटर फाइल नाकारतो, तेव्हा बहुतेक वेळा तोच बरोबर असतो. घाईचे शॉर्टकट मला म्हणूनच खपत नाहीत.

माझी सवय अशी: प्रत्येक उपकरणाच्या स्टिकरचा फोटो काढायचा आणि वहीत मॉडेल, व्हर्जन, फर्मवेअरची तारीख लिहायची. स्टिकरवर एफसीसी आयडी असेल तर त्या क्रमांकानं एफसीसी या अमेरिकेच्या दूरसंचार नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर बऱ्याचदा यंत्राच्या आतले फोटो मिळतात, कधी चिपवरचा क्रमांकही वाचता येतो. मॅक अ‍ॅड्रेसवरून, म्हणजे उपकरणाच्या नेटवर्क पत्त्यावरून, चिप ओळखायला जाऊ नका. तो पत्ता अनेकदा उपकरण बनवणाऱ्याच्या नावावर असतो.

रास्पबेरी पायवाल्यांनी एवढं लक्षात ठेवावं की वायफायचं फर्मवेअर वेगळ्या पॅकेजमधून येतं. फक्त कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, नवा केला म्हणून ते बदलत नाही, आणि अपडेटनंतर रीबूट हवाच.

‘माझ्याकडे ब्रॉडकॉम नाही’ म्हणून निवांत राहू नका. २०२० मध्येच क्वालकॉम आणि मीडियाटेकच्या काही चिपमध्ये याच जातीचे दोष निघाले.

इंटरनेट कंपनीनं दिलेल्या राउटरवर उत्पादकाच्या साइटवरची फाइल चढवू नका. त्याचं फर्मवेअर बहुतेक वेळा त्या कंपनीकडूनच येतं. तक्रार नोंदवा आणि नंबर जपून ठेवा.

पीएमएफ चालू केलं, म्हणजे पॅच नको

पीएमएफ, म्हणजे ८०२.११डब्ल्यू ही राउटरच्या सेटिंगमधली सुरक्षा सोय, बनावट ‘जोडणी तोड’ संदेश अडवतं. ते जरूर चालू करा. पण माणूस फोन घेऊन एका राउटरच्या रेंजमधून दुसऱ्याच्या रेंजमध्ये गेला, तरी जोडणी खरोखरच तुटते आणि बफर तसाच सांडतो. शिवाय सेटिंग थेट ‘सक्तीचं’ वर नेलं तर जुने कॅमेरे जोडलेच जात नाहीत. मी आधी ‘ऐच्छिक’ ठेवतो आणि काय काय तुटतं ते बघतो.

ज्या उपकरणाला पॅच येणारच नाही, ते वेगळ्या नेटवर्कवर टाकलं तरी त्याचा स्वतःचा डेटा हवेत उघडा पडायचा थांबत नाही. त्याचं संभाषण टीएलएसमधून, म्हणजे वायफायपेक्षा वेगळ्या एन्क्रिप्शनमधून, जात असेल तर आतला मजकूर सुरक्षित राहतो. साध्या, विनाएन्क्रिप्शनच्या एचटीटीपीवर चित्र पाठवणारा कॅमेरा असेल तर त्याला केबल लावा आणि त्याचं वायफाय बंद करा. केबलचं पोर्टच नसेल, तर तो कॅमेरा बदला.