आपल्या .२२ रायफलला कोणती गोळी मानवते, हे कसं शोधावं

१ ऑगस्ट २०२४ला कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून .२२ रायफल मारायच्या प्रकाराचं, कांस्यपदक घेतलं. त्याआधी आपल्या शेजारच्या खरगोन जिल्ह्यातल्या ऐश्वर्यप्रताप सिंह तोमरनं हाच प्रकार मध्य प्रदेशात घरोघरी पोहोचवला होता. तेव्हापासून इंदूरच्या मराठी घरांतून मला एक प्रश्न सारखा येतो: मुलं एअर रायफलवरून पॉइंट टू टूवर, म्हणजे .२२ रायफलवर, चालली आहेत, गोळी कोणती घ्यायची?

विचारणाऱ्याला कंपनीचं नाव हवं असतं. मी नाव सांगत नाही, कारण नावानं काम होत नाही. एखाद्याला एका गावचं पाणी मानवतं, दुसऱ्याला नाही, तसंच नळीचं आहे. एकाच कारखान्यातून पाठोपाठ निघालेल्या दोन नळ्यांनासुद्धा वेगवेगळ्या गोळ्या मानवतात. तेव्हा शोध घ्यायचा तो लॉटचा, आणि तोही स्वतःच्या रायफलवर.

लॉट म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. .२२ लाँग रायफलच्या काडतुसात पेटणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या किनारीत भरलेला असतो. पिन त्या किनारीवर आपटते आणि ठिणगी पडते. मोठ्या रायफलचं काडतूस घरी भरून, दारू मोजून, हवं तसं जमवता येतं. इथं ती सोय नाही. कारखान्यानं जे दिलं तेच. मसाला किनारीत सगळीकडे सारखा बसला का, दारू किती पडली, शिसं किती घट्ट दाबलं गेलं, यात दर खेपेला बारीक फरक राहतो. एका सलग खेपेत बनलेला माल म्हणजे एक लॉट. त्याचा नंबर बॉक्सच्या झाकणपट्टीवर छापलेला असतो.

काय काय मागवावं

सगळं परवान्यावर, परवान्यात लिहिलेल्या संख्येत आणि मान्यताप्राप्त रेंजवरच. मूल अजून क्लबच्या रायफलवर असेल तर क्लबच्या प्रशिक्षकांना सोबत घेऊनच ही चाचणी करा.

हाय व्हेलॉसिटी लिहिलेली गोळी बाजूला ठेवा. ती सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास वेगानं निघते, म्हणजे आवाजापेक्षा जोरात, आणि वाटेत हळूहळू आवाजाच्या वेगापाशी उतरते. तिथं तिला धक्का बसतो आणि ती डगमगते. टार्गेटची गोळी मुद्दाम ३२५ ते ३३० मीटरवर ठेवलेली असते. आपल्या जानेवारीतल्या पहाटे पारा १० अंशांवर असताना आवाजाचा वेग ३३७च्या जवळ असतो, मे महिन्यात ४० अंशांना ३५५. मॅचची गोळी दोन्ही वेळी त्याच्या खाली राहते.

एलीची टेनेक्स, मॅच, क्लब. लापुआची मिडास प्लस, सेंटर-एक्स. आरडब्ल्यूएसची आर ५०, रायफल मॅच. एसकेची स्टँडर्ड प्लस. साधारण ही नावं तुमच्या कानावर येतील. लापुआ आणि एसके या दोन्हींची .२२ गोळी जर्मनीत श्योनेबेकला बनते. सगळं एकदम मागवू नका. ज्या कंपनीची गोळी तुम्हाला वर्षभर मिळू शकेल आणि परवडेल, तिचेच तीन लॉट मागवा, प्रत्येकी एक बॉक्स. मला विचाराल तर एक लॉट वरच्या दर्जाचा आणि दोन मधल्या दर्जाचे घ्या. मधल्या दर्जाचा चांगला लॉट महागड्याच्या वाईट लॉटला मागे टाकतो, हे मी अनेकदा पाहिलंय. सरावाला देशी आयुध निर्माणीची गोळी जरूर वापरा, फक्त तिच्यावर रायफलची पारख करू नका.

आधी रायफल तपासा

हे काम कंटाळवाणं आहे म्हणून टाळलं जातं आणि मग गोळीला दोष दिला जातो. अ‍ॅक्शनचे, म्हणजे बोल्ट बसतो तो लोखंडी भाग दस्त्याला धरून ठेवणारे, दोन्ही स्क्रू टॉर्क रेंचनं कंपनीनं दिलेल्या आकड्यावर घट्ट करा. साइटचे किंवा दुर्बिणीचे स्क्रू बघा. नळीचं तोंड भिंगाखाली पाहा, तिथं ओरखडा असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, पुढे काजळी आणि शिशाचं कडं साचतं, ते साफ करा. साफ केल्यावर १५-२० गोळ्या टार्गेटमागच्या मातीच्या बांधात सोडा, म्हणजे गोळीवरचं मेणचट वंगण नळीला आतून लागेल. त्याशिवाय पहिल्या गोळ्या काहीच खरं सांगत नाहीत.

प्रत्येक कंपनीचं वंगण वेगळं असतं. म्हणून एका दिवशी एकाच कंपनीचे लॉट तपासा. दुसऱ्या कंपनीकडे जायचं तर पुन्हा नळी साफ करून पुन्हा १५-२० गोळ्या सोडाव्या लागतात.

चाचणीची सकाळ

गेल्या थंडीत माझ्या भाचीच्या रायफलसाठी हे आम्ही केलं. महूच्या रस्त्यानं सहालाच निघालो, कारण मालव्यात नऊ-साडेनऊनंतर वारं उठतं आणि मग गोळी चुकली की वाऱ्यानं नेली, ते कळत नाही. ५० मीटरच्या लेनमध्ये १० आणि ३० मीटरवर दोन काठ्या रोवून त्यांना रेशमी रिबिनी बांधल्या. टेबलावर पुढे वाळूची पिशवी, दस्त्याखाली एक छोटी पिशवी. रायफल पिशवीवर प्रत्येक वेळी त्याच जागी टेकली पाहिजे, म्हणून दस्त्याच्या पुढच्या भागावर चिकटपट्टीची खूण केली.

एका बॉक्समध्ये ५० गोळ्या असतात. त्या अशा वाटा: दर फेरीत दोन गोळ्या नळी बसवायला आणि मग दहाचा एक ग्रुप, म्हणजे एकाच जागी नेम धरून मारलेल्या दहा गोळ्यांचा पुंजका. अशा चार फेऱ्यांत ४८ संपतात, दोन शिलकीत. एका लॉटच्या चारही फेऱ्या सलग मारायच्या नाहीत. पहिला लॉट, दुसरा, तिसरा, मग पुन्हा पहिला. असं केलं की ऊन वाढलं, वारं फिरलं किंवा मारणारा दमला, तर त्याचा भुर्दंड तिन्ही लॉटना सारखा बसतो. प्रत्येक ग्रुपला नवा कागद, त्यावर आधीच लॉट आणि फेरीचा आकडा लिहिलेला. साइटला मध्ये हात लावायचा नाही, ग्रुप डावीकडे पडत असला तरी.

ट्रिगर दाबला आणि गोळी उडालीच नाही, तर नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, मग बोल्ट उघडा. आवाज नेहमीपेक्षा मऊ आला तर पुढची गोळी भरू नका. आधी बोल्ट काढून नळीत शिसं अडकलं नाही ना, ते पाहा.

आमच्या दुसऱ्या लॉटच्या पहिल्या पाच गोळ्या एकाच भोकात गेल्या. भाचीनं मान वर केली, "मामा, हाच! बाकीचं कशाला?" मी तिला पुढच्या पाच मारायला सांगितल्या. सहावी त्याच भोकात, सातवी थोडी वर, नववी चांगलीच खाली. पाच गोळ्यांत नशीब लपून राहतं, दहात ते डोकं वर काढायला लागतं, चाळिसात उघडं पडतं. दुकानात किंवा रेंजवर कुणी पाच गोळ्यांचा सुंदर कागद दाखवला, तर कौतुक करा, पण त्यावर पैसे लावू नका.

मोजायचं कसं

खजुरी बाजारातून आणलेला बटर पेपर हे माझ्या मते या कामातलं सगळ्यात उपयोगी साधन. टार्गेटच्या काळ्या वर्तुळावर तो बरोबर बसवायचा आणि प्रत्येक भोकाचा मध्य पेन्सिलीनं टिपायचा. एका लॉटचे चारही कागद एकाच बटर पेपरवर उतरवले की ४० ठिपक्यांचं एक चित्र तयार होतं.

आता त्यावर १६ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ ठेवा. हा आकडा कुठून आला? ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं आणि गोळी ५.६ मिलिमीटरची. रेषेला नुसती चाटून गेली तरी दहा मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य १६ मिलिमीटरच्या आत राहिला की दहा नक्की. वर्तुळ टार्गेटच्या मध्यावर ठेवायचं नाही, ठिपके जिथं दाट आहेत तिथं सरकवायचं. झिरो, म्हणजे साइट फिरवून ग्रुप मध्यावर आणणं, नंतर करता येतो. आत किती ठिपके आले ते मोजा. आमच्या तीन लॉटचे आकडे ३३, २९ आणि ३८ असे आले. ३३ वाला वरच्या दर्जाचा महागडा लॉट होता. २९ वाला तोच, पहिल्या पाच गोळ्या एका भोकात घालणारा.

पसारा कोणत्या दिशेला आहे, तेही बघा. ठिपके आडवे पसरले असतील तर बहुधा वारा. उभे पसरले असतील तर गोळ्यांचा वेग सारखा नाही. सेकंदाला १० मीटरचा फरक पडला, तर ५० मीटरवर गोळी साडेसात मिलिमीटरच्या आसपास खाली पडते. दहातून बाहेर जायला तेवढं जवळपास पुरतं. उभा पसारा असलेला लॉट मी घेत नाही, कारण वारा वाचायला शिकता येतं, पण पुढच्या गोळीचा वेग मारणाऱ्याला आधी कसा कळणार?

लांब गेलेली गोळी "माझीच चूक" म्हणून खोडायचा मोह होतो. गोळी सुटताक्षणी, दुर्बिणीत पाहण्याआधी तुम्ही "हलली" म्हणाला असाल तरच ती खोडा.

काही जण सराफ्यातल्या ओळखीच्या सोनाराचा काटा आणून काडतुसं वजनानुसार निवडतात. अख्खं काडतूस साडेतीन ग्रॅमहून थोडं कमी भरतं, पण त्यात पितळ किती, शिसं किती, दारू किती, हे काटा सांगत नाही. स्वस्त गोळीतून एखादी फारच हलकी हाती लागेल एवढंच. तो वेळ सरावाला द्या.

ठरला की लगेच घ्या

निकाल लागला की त्याच दिवशी पुरवठादाराला फोन करा. लॉट संपला की पुन्हा बनत नाही. निदान एका मोसमाची गोळी एकदम घ्या, अर्थात परवान्याच्या मर्यादेत. एका ब्रिकमध्ये १० बॉक्स, म्हणजे ५०० गोळ्या येतात. माल हाती आल्यावर प्रत्येक बॉक्सचा नंबर स्वतः वाचा. हे मी पोळून शिकलोय. एका पुरवठादारानं "तोच लॉट आहे" असं छातीठोक सांगितलं, मी ब्रिक तशीच कपाटात ठेवली आणि स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी झिरो करताना ग्रुप फुटायला लागले. तेव्हा कुठे नंबर पाहिला. शेवटचे तीन आकडे वेगळे होते. त्या स्पर्धेत मी साइटच्या चकत्याच फिरवत राहिलो.

नवी गोळी आली की प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून, पट्टा लावून, जाकीट घालून ६० गोळ्यांची एक पूर्ण मॅच मारून पाहा. टेबलावरचा निकाल बहुतेक वेळा तिथंही टिकतो, मात्र झिरो हलतो.

गोळ्या घरात, कोरड्या आणि थंड जागी, रायफलपासून वेगळ्या कुलपात ठेवा. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत ठेवू नका, वंगण वितळून ओघळतं आणि सगळी मेहनत वाया जाते. रेंजवरून आल्यावर साबणानं हात धुवून मगच पोह्यांना हात लावा, बोटांना शिसं लागलेलं असतं. वहीत तारीख, तापमान, लॉट नंबर आणि १६च्या वर्तुळातला आकडा लिहा, बटर पेपर तिथंच चिकटवा.

आणि चांगल्या लॉटचे शेवटचे दोन बॉक्स कितीही मोह झाला तरी मारू नका. पुढच्या वर्षी नवे लॉट तपासाल, तेव्हा त्यातला एक त्यांच्या रांगेत बसवायचा आहे.