या चुका टाळा: एक्स-विंगमध्ये जहाज हलवताना आणि टक्कर झाल्यावर

स्टार वॉर्स एक्स-विंग हा छोट्या मॉडेल-जहाजांचा टेबलावरचा खेळ खेळताना सगळ्यात कटकटीचे वाद होतात ते जहाज नेमकं कुठे थांबलं यावरून. नियम वाचलेला असतो, पण हात घाई करतो. एकदा बेस (जहाजाखालची चौकोनी बैठक) उचलला गेला आणि मूळ जागा कुठे होती हे कुणालाच आठवत नसलं, की मग नियमपुस्तिका कितीही चाळा, उत्तर मिळत नाही.

पुढचं सगळं २०१८ च्या दुसऱ्या आवृत्तीला धरून आहे. २०२२ मध्ये टक्करीचे नियम बदलले, त्यामुळे कोणत्या नियमांनी खेळायचं हे पहिली डायल (जहाजाची चाल गुपचूप निवडायची चकती) लावण्याआधीच समोरच्याशी ठरवून घ्या. दोघांच्या डोक्यात दोन वेगळे नियम असतील तर पहिल्याच टक्करीला डाव अडतो.

वाट आणि मुक्काम यांची गल्लत

नवीन खेळाडूंची ही पहिली चूक. वाटेत दुसरं जहाज आलं म्हणून ते तिथेच थांबतात. दुसऱ्या जहाजाच्या बाबतीत फक्त शेवटची जागा पाहायची असते. मधली जहाजं ओलांडून पलीकडे मोकळ्या जागेत बेस बसत असेल, तर टक्कर झालीच नाही. लघुग्रहाचं तसं नाही. तिथे टेम्पलेट (चाल मोजायची पट्टी) अडथळ्यावरून गेलं तरी परिणाम भोगावा लागतो, आणि शेवटी बेस त्यावर आला तरीही. मात्र टेम्पलेट २ सेंटिमीटर रुंद आणि लहान बेस ४ सेंटिमीटर. चालीच्या मध्यात बेसचा कोपरा दगडाला घासून गेला असता, असा हिशेब कुणी मांडू लागलं तर तो मान्य करू नका. मॉडेलचे पंखही मोजायचे नसतात. पंख एकमेकांत अडकत असतील तर खुंटीवरून मॉडेल काढून बाजूला ठेवा, बेस मात्र तिथेच राहू द्या.

मागे येताना बेस वाकडा होणं

माझ्या मते सगळ्यात जास्त काळजी इथे घ्यायला हवी. शेवटच्या जागी दुसरं जहाज असेल, तर आपलं जहाज टेम्पलेटवरूनच मागे आणायचं. बेसच्या बाजूंवर मध्यभागी खुणा असतात. त्या टेम्पलेटच्या मधल्या रेषेवर ठेवत मागे सरकायचं आणि जिथे बेस पहिल्यांदा मोकळा होतो, तिथे समोरच्या जहाजाला टेकवून थांबायचं. सरळ चालीत हे सोपं असतं. वळणावर मात्र बरेच जण बेसचं तोंड वळण पूर्ण झाल्यासारखं ठेवतात आणि नुसतं मागे ओढतात. जहाज अर्ध्या वाटेत थांबलं तर वळणही अर्धंच व्हायला हवं. या फरकाने पुढच्या फेरीत नेम बसतो किंवा चुकतो.

मागे येताना आणखी एखादं जहाज आडवं आलं तर अजून मागे या. जागाच नसेल तर जहाज जिथून निघालं तिथेच राहील, आणि तेही नियमाला धरूनच आहे. ज्याला धडकलो ते जहाज तसूभरही हलता कामा नये. त्यासाठी हलवण्याआधीच दोन्ही बेसच्या कोपऱ्यांशी टोकन ठेवून जागा पक्की करा.

टक्करीनंतर काय राहतं, काय जातं

धडकणाऱ्या जहाजाची त्या चालीनंतरची जादा कृती म्हणजे अ‍ॅक्शन जाते. ज्याला धडक बसली त्याचं काहीच जात नाही, तरी कित्येक खेळाडू त्याचीही अ‍ॅक्शन सोडून देतात. चाल अपुरी राहिली म्हणून तिचा डायलवरचा रंग पुसला जात नाही: लाल असेल तर स्ट्रेस (ताणाचं टोकन) येतो, निळी असेल तर एक स्ट्रेस उतरतो. कोइओग्रान टर्न (सरळ जाऊन शेवटी उलटं फिरण्याची चाल) अपुरा राहिला तर जहाज उलटं फिरत नाही, स्ट्रेस मात्र मिळतोच. आणि अंगावर आधीच स्ट्रेस असताना लाल चाल उघडली, तर तिच्या जागी वेग २ ची पांढरी सरळ चाल करावी लागते.

टेकलेली दोन जहाजं सहसा एकमेकांवर गोळीबार करू शकत नाहीत. तिसऱ्यावर करू शकतात. हे विसरून टेकलेल्या जहाजाचा हल्लाच सोडून दिल्याने हातातले डाव जातात.

स्वतःच्याच जहाजांची गर्दी

कमी इनिशिएटिव्हचं (क्रम ठरवणाऱ्या आकड्याचं) जहाज आधी हलतं. तुमच्या दोन जहाजांचं इनिशिएटिव्ह सारखं असेल तर त्यांचा क्रम तुम्ही ठरवता. एकामागे एक असतील तर पुढचं आधी हलवा. मागच्याला आधी ढकललं तर ते पुढच्याच्याच बेसवर जाऊन थांबतं.

वेगवेगळ्या आकाराचे बेस एकत्र असतील तर अंतराचं गणित करा. वेग १ चं सरळ टेम्पलेट ४ सेंटिमीटर लांब असतं, आणि टेम्पलेटच्या लांबीत बेसची लांबी मिळवली की जहाज किती पुढे जाईल ते कळतं. लहान बेस ४, मध्यम ६, मोठा ८. म्हणजे वेग २ ला लहान जहाज १२ सेंटिमीटर जातं, मोठं १६. वेग १ ला मोठं जहाज नेमकं १२ जातं. मोठ्याला सोबत ठेवायचं असेल तर सरळ चालीत त्याची डायल एकाने कमी लावा.

बूस्ट (थोडं आणखी पुढे जाणं) आणि बॅरल रोल (बाजूला सरकणं) करताना मागे सरकून टेकण्याची सवलत नाही. बेस जहाजावर किंवा अडथळ्यावर येत असेल तर ती अ‍ॅक्शन फसते. चालीच्या शेवटी बेसचा एक कोपरा जरी मैदानाबाहेर राहिला तरी जहाज गेलं.

आर्माडा खेळणाऱ्यांसाठी

एक्स-विंगवरून आर्माडा या स्टार वॉर्सच्याच मोठ्या जहाजांच्या खेळाकडे आलेले खेळाडू तिथेही जहाज मागे सरकवतात. आर्माडात वेग तेवढ्यापुरता एकाने कमी धरून चाल पुन्हा करतात, आणि जागा मिळेपर्यंत वेग उतरवत जातात. डायलवरचा वेग बदलत नाही. धडकणारं जहाज आणि ज्यांच्यावर आलो त्यांतलं सर्वांत जवळचं, अशा दोघांनाही एकेक उपडं डॅमेज (नुकसानीचं) कार्ड मिळतं, मग ते जहाज आपलंच का असेना. खाली स्क्वॉड्रन (छोट्या लढाऊ विमानांची तुकडी) आली तर ती बाजूला काढून जहाजाला टेकवून पुन्हा ठेवतात. ती ठेवण्याचा हक्क जहाज न हलवणाऱ्या खेळाडूचा असतो, स्क्वॉड्रन कुणाचीही असो.